आधी कृती, मग उक्ती

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात फरीदाबाद येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



हीरक महोत्सवात शाळेचा हिशेब मांडण्याची रीत आहे. इमारती किती वाढल्या, निकाल किती टक्के लागला, कोणता विद्यार्थी कोणत्या पदावर पोहोचला, हे सारे अभिमानाने सांगावे असेच असते. परंतु महाराष्ट्रापासून दूर, फरीदाबादसारख्या नगरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी आणखी एक हिशेब शांतपणे चालू असतो. ज्या भाषेत आजोबा-आजी शिकले, आई-वडील शिकले, ती भाषा नातवंडांच्या तोंडी उरली आहे का? या प्रश्नाला बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : “त्याला मराठी कळतं, पण तो बोलत नाही.”

याच नाण्याची दुसरी बाजू मराठी माध्यमात शिकलेल्यांना चांगली ठाऊक आहे. इंग्रजी व्याकरणात उत्तम गुण मिळवूनही पहिल्या मुलाखतीत जीभ अडखळली, असा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. एका पिढीची दुसरी भाषा इंग्रजी होती. तिच्या नातवंडांची दुसरी भाषा, घर मराठी असूनही, मराठीच होऊन बसली आहे, कारण त्यांचा दिवस शाळेत, गल्लीत आणि खेळाच्या मैदानावर हिंदीत जातो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. दुसरी भाषा माणसात नेमकी कोणत्या वाटेने शिरते? आजच्या विषयाचे उत्तर असे, की ती पुष्कळदा हातापायांच्या वाटेने शिरते आणि जिभेवर मागाहून येते.

घरातले वर्षाचे मूल पाहावे. “दिवा कुठे आहे?” म्हटले की ते वर पाहते. “बाप्पाला नमस्कार कर” म्हटले की हात जोडते. “चेंडू दे” म्हटले की चेंडू पुढे करते, आणि मनात आले तर दडवते. अजून त्याला धड दोन शब्द बोलता येत नाहीत, तरी शेकडो वाक्ये त्याला कळतात आणि त्या प्रत्येकाला ते अंगाने उत्तर देते. या काळात ‘मूल बोलत नाही’ अशी तक्रार कोणी करत नाही. त्याचे मौन घरच्यांना शिकण्याचाच भाग वाटते. तेच मूल आठ वर्षांचे झाल्यावर दुसऱ्या भाषेत गप्प राहिले, की ते मौन मात्र नापासाचा शेरा ठरते.

या साध्या निरीक्षणाला शिक्षणशास्त्रात मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा गुएँ नावाचे फ्रेंच शिक्षक जर्मन शिकण्यासाठी हॅम्बुर्गला गेले. त्यांनी जर्मन व्याकरण पाठ केले, अनियमित क्रियापदे पाठ केली, पुढे शब्दकोशही घोकला. तरीही लोकांचे बोलणे त्यांना कळेना. निराश होऊन ते घरी परतले, तेव्हा त्यांच्या लहान भाच्याने नुकतीच पिठाची गिरणी पाहिली होती. तो मुलगा घरी येऊन गिरणीचाच खेळ खेळू लागला. पोती भरणे, ती वाहणे, धान्य ओतणे, दळणे, असा क्रम तो करत होता आणि करता करता बोलत होता. गुएँ यांना आपल्या अपयशाचे कारण तिथे सापडले. भाषा सुट्या शब्दांची रास नसून एकामागून एक घडणाऱ्या क्रियांची साखळी आहे, हा विचार त्यांनी १८८० साली ग्रंथरूपाने मांडला. पुढे जपानमध्ये इंग्रजीच्या अध्यापनाचे काम करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी कन्या डोरोथी यांच्यासह १९२५ साली कृतींतून इंग्रजी शिकवण्याचे पुस्तकच सिद्ध केले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सॅन होजे येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी जपानी आणि रशियन भाषांवर प्रयोग करून या विचाराला ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ हे नाव दिले. मराठीत त्याला ‘सर्वांग प्रतिसाद’ म्हणता येईल.

या पद्धतीचा तास अगदी साधा असतो. शिक्षक “ऊठ” म्हणतो आणि स्वतः उठतो. मुले त्याच्याबरोबर उठतात. “चाल”, “थांब”, “वळ”, “बस” असेच होते. काही वेळाने शिक्षक नुसते सांगतो, स्वतः करत नाही, मुले करतात. मग तो क्रम बदलतो, कारण क्रम पाठ झाला तर भाषा ऐकण्याची गरज उरत नाही. पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. मुलांना ‘पळ’ ठाऊक आहे, ‘खिडकी’ ठाऊक आहे, ‘कडे’ ठाऊक आहे. शिक्षक एकदम म्हणतो, “खिडकीकडे पळ.” हे वाक्य मुलाने पूर्वी कधी ऐकलेले नसते, तरी ते पळते. न शिकवलेले वाक्य कळले, म्हणजे भाषा आली. या सगळ्या काळात कोणालाही बोलण्याची सक्ती नसते. ज्याला बोलावेसे वाटते तो एके दिवशी आपणहून शिक्षकाची जागा घेतो आणि इतरांना आज्ञा सोडू लागतो.

हे साधते का, याची कारणेही सरळ आहेत. पहिले, केलेली गोष्ट नुसत्या ऐकलेल्या गोष्टीपेक्षा अधिक टिकते. ‘कागद फाड’ हे शब्द वाचणारा आणि खरोखर कागद फाडणारा, या दोघांत फाडणाऱ्याच्या लक्षात ते शब्द अधिक राहतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. दुसरे, शिक्षकाला भाषांतराची गरज राहत नाही. मुलाला कळले की नाही, हे त्याच्या पावलांवरून तत्काळ दिसते. तिसरे कारण भीतीचे आहे. दुसऱ्या भाषेत तोंड उघडताना माणसाला हसे होण्याचे भय असते. कृतीत ते भय कमी असते. चुकून डाव्याऐवजी उजवीकडे वळलेले मूल स्वतःही हसते आणि पुन्हा वळते.

परदेशी नावे ऐकून ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळलेला ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ म्हणजे याच पद्धतीचा नमुना आहे. “शिवाजी म्हणतो, हात वर करा” म्हटले तर हात वर करायचा आणि नुसते “हात वर करा” म्हटले तर स्वस्थ राहायचे. म्हणजे प्रत्येक शब्द कान देऊन ऐकायचा आणि उत्तर अंगाने द्यायचे. खो-खो, लंगडी, लगोरी, लेझीम यांची सारी परिभाषा मुलांना कोणी फळ्यावर लिहून दिलेली नसते. ती मैदानावर, पळता पळता येते.

शिक्षणाच्या क्षेत्रातही महाराष्ट्राच्या भूमीवर हा विचार फार पूर्वी रुजला. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींची नई तालीम पुढे आली. शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाच्या द्वारे व्हावे, हे तिचे सूत्र होते. कापूस वेचणारे, पिंजणारे आणि कातणारे मूल त्या कामाचे शब्द, त्यातले मोजमाप आणि त्यामागचे शास्त्र एकत्रच शिकते, अशी ती दृष्टी होती. माँटेसरींच्या विचारांनी प्रेरित झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथल्या वारली मुलांची घरची बोली वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी. त्या मुलांना बाकावर बसवून मराठी घोकवण्याऐवजी या दोघींनी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले ही मुलांच्या परिसरातली साधने वर्गात आणली. गाणी अभिनयासह आली, गोष्टी नाट्यासह आल्या. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच त्यांच्यामागे कुरणावर गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला. शाळेची भाषा मुलाच्या हालचालीच्या जागी जाऊन भेटते, तेव्हा ती त्याला परकी राहत नाही, हा कोसबाडचा धडा आहे.

या विचाराचा एक धागा थेट फरीदाबादपर्यंत येतो. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माइल खान, कोहाट, पेशावर या भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी हे औद्योगिक नगर वसवण्यात आले. आज सर्वांच्या तोंडी असलेले ‘एनआयटी’ हे नाव त्याच नव्या नगराचे. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनच्या साहाय्याने त्या लोकांनी सहकारी पद्धतीने श्रम करून आपली घरे उभारली. त्या कामात असलेले लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे १९९८ साली या नगराची कहाणी लिहिली आणि त्याला ‘आशेचे नगर’ अशा अर्थाचे नाव दिले. येथील शिक्षणाच्या उभारणीसाठी सेवाग्रामच्या आशादेवी आर्यनायकम यांचे मार्गदर्शन घेतले गेले आणि वर्ध्याजवळ वाढलेली नई तालीम अरवलीच्या पायथ्याशी पोहोचली. हे नगर हातांनी घडले, शिक्षणही हातांतून घडावे, अशी ती आकांक्षा होती.

मात्र हेच नगर एक इशाराही देते. ती माणसे आपापल्या बोली बरोबर घेऊन आली होती. बन्नूवाली, डेरेवाली या बोली आज येथे वयस्क मंडळींच्या तोंडी अधिक ऐकू येतात. तरुणांचा व्यवहार हिंदीत चालतो. यात कोणाचा दोष नाही. ज्या भाषेत काही काम उरत नाही, ती भाषा आठवणीपुरती राहते. फरीदाबादच्या मराठी कुटुंबांनी आपल्या भाषेचे भवितव्य याच आरशात पाहावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, हा आनंदाचा क्षण होता. तथापि अभिजातपणाचा निर्णय मुलाच्या तोंडात शब्द घालू शकत नाही. ते काम घरालाच करावे लागते.

सुदैवाने मराठीचे व्याकरण या कामी फार सोयीचे आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलाला मराठीत सर्वांत अडते ते लिंग. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन; हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मराठीत ‘ते पुस्तक’. पण आज्ञार्थात ही अडचण येतच नाही. ‘बस’, ‘ऊठ’, ‘आण’, ‘ठेव’ हे मुलालाही तेच आणि मुलीलाही तेच. शिवाय ही रूपे म्हणजे क्रियापदाचे मूळ धातूच आहेत. म्हणजे आज्ञा पाळता पाळता मूल मराठी क्रियापदांची मुळेच गोळा करत असते. दुसरी पायरी जागेची. ‘डबा’ म्हणणारे मूल “चेंडू डब्यात टाक”, “पाटी डब्यावर ठेव”, “डब्यामागे लप” असे करत गेले, की ‘डबा’चे ‘डब्या’ कसे होते हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. सामान्यरूपाचा नियम त्याच्या हातांना आधी कळतो.

तिसरी पायरी कृती झाल्यानंतरची. राधाने सांगितल्याप्रमाणे केले, की घरातल्या कोणी तरी विचारावे, “राधाने काय केलं?” आणि स्वतःच उत्तर द्यावे : “तिने डबा उचलला, वही उचलली, पुस्तक उचललं.” डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचे हे वर्णन असल्यामुळे भूतकाळ आणि तीनही लिंगे एकाच वेळी कानावर पडतात. आज्ञेतून कृती आणि कृतीतून कथन, असा हा क्रम आहे. बोलणे सुरू होते ते याच कथनाच्या टप्प्यावर. एखादे दिवशी मोठ्यांनी मुद्दाम चुकीचे सांगावे, “राधाने चेंडू उचलला,” आणि मग गप्प बसावे. अन्याय दूर करण्यासाठी मूल जे पहिले मराठी वाक्य बोलते, ते सहसा विसरत नाही.

घरात यासाठी वेगळी सामग्री लागत नाही. स्वयंपाकघर पुरेसे आहे. तांदूळ निवड, डाळ धू, कोथिंबीर चीर, खोबरे किस, कणीक मळ, पोळी लाट, भाजी परत, झाकण ठेव, ताट वाढ. यांतल्या प्रत्येक शब्दामागे हाताची निराळी हालचाल आहे आणि त्या हालचालीशिवाय तो शब्द टिकत नाही. हरयाणवी किंवा पंजाबी घरातून मराठी घरात आलेल्या सुनेलाही हीच वाट सर्वांत सोपी जाते, आणि मराठी घरच्या मुलीला तिच्या हिंदीभाषक सासरी हीच वाट उलट दिशेने उपयोगी पडते. बसण्याचेच पाहावे. मांडी घालणे, उकिडवे बसणे, पाय पसरून बसणे, फतकल मारणे, हे भेद चित्र दाखवून शिकवण्यापेक्षा जमिनीवर बसून शिकवणे सोपे. आजी-आजोबा नागपूरला किंवा साताऱ्याला असतील तरी अडत नाही. व्हिडिओ कॉलवर “कसा आहेस?” या प्रश्नाला “ठीक” एवढे उत्तर मिळून संभाषण संपते. त्याऐवजी आजीने सांगावे, “डोळे मीट. एका पायावर उभा राहा. आता तुझ्या खोलीतली सगळ्यात जुनी वस्तू आण.” दहा मिनिटांच्या अशा खेळात जेवढी मराठी वाहते, तेवढी महिनाभराच्या चौकशीत वाहत नाही. वाचू लागलेल्या मुलांसाठी माँटेसरींची युक्ती आहे : चिठ्ठीवर आज्ञा लिहायची, मुलाने ती मनात वाचायची आणि करून दाखवायची. देवनागरी हिंदीमुळे येतच असते; त्यामुळे फरीदाबादच्या मुलांना ही पायरी इतर परप्रांतीय मराठी मुलांपेक्षा सोपी आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत आणि त्या डोळ्यांआड करू नयेत. ‘विश्वास’, ‘आठवण’, ‘अन्याय’ हे शब्द उडी मारून शिकवता येत नाहीत. त्यांच्यासाठी गोष्टी, पुस्तके आणि गप्पाच लागतात. हालचालीची पद्धत इतर पद्धतींच्या जोडीने वापरावी, असे अ‍ॅशर यांनीही म्हटले होते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. घरात मराठी केवळ हुकमाची भाषा झाली आणि हिंदी गप्पांची व विनोदाची राहिली, तर मूल मराठीपासून दूरच जाईल. म्हणून आज्ञेची सूत्रे मुलाच्या हाती लवकर द्यावीत. मुलाने सांगावे आणि वडिलांनी लंगडी घालावी. यात भाषेबरोबर नातीही शिकली जातात. धाकट्या भावाला ‘बस’, पाहुण्यांना ‘बसा’, आणि आईला मात्र मायेच्या हक्काने ‘तू बस गं’. आदर आणि जवळीक यांचा हा मराठी तोल हिंदीतल्या तू-तुम-आप या तीन पायऱ्यांहून वेगळा आहे, आणि तो माणसे समोर असतानाच कळतो.

एक पथ्य तर कटाक्षाने पाळावे लागते. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा. मुलाच्या पहिल्या प्रयत्नाला घरात मराठी अर्थाची चेष्टा मिळाली, तर दुसरा प्रयत्न होत नाही. “बघा, कसं हिंदी वळणाचं मराठी बोलतो” हे वाक्य पाहुण्यांसमोर सहज उच्चारले जाते आणि एक दार बंद होते. मुलाच्या ‘ळ’चा ‘ल’ झाला तर मोठ्यांनी आपल्या पुढच्या वाक्यात तोच शब्द नीट उच्चारावा. तेवढी दुरुस्ती पुरे.

मराठी माध्यमातील इंग्रजीबद्दलही हेच म्हणता येते. मातृभाषेच्या भक्कम पायावर दुसरी भाषा चांगली उभी राहते. मात्र ती पाठांतराच्या शिडीने चढवली, की परीक्षेच्या छपरापर्यंतच पोहोचते. पहिली-दुसरीच्या वर्गात बाके बाजूला सरकवून इंग्रजीचा तास हालचालीतून घेतला, तर मुलांना ती भाषा आधी कानाने आणि अंगाने ओळखीची होते. मग अक्षरे परकी वाटत नाहीत. त्याला महागडी साधने लागत नाहीत. मोकळी जमीन, उत्साही शिक्षक आणि थोडासा गलका सहन करणारे मुख्याध्यापक एवढे असले, की काम भागते. साठ वर्षांच्या शाळेजवळ यातले काहीच अप्राप्य नसते.

‘कळतं, पण बोलत नाही’ या वाक्याकडे म्हणूनच नव्याने पाहायला हवे. त्यातला पहिला शब्द हरलेल्या लढाईचा नाही. ज्या मुलाला कळते, त्याच्या आत भाषा जिवंत आहे. तिला घरात काम मिळत नाही, इतकेच. पाणी आणण्याचे, ताट वाढण्याचे, लपण्याचे, शोधण्याचे, आजीला हसवण्याचे काम तिला मिळू लागले, की ती हातापायांतून वर चढत जिभेपर्यंत येते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला या वर्षी अनेक प्रकारच्या देणग्या दिल्या आहेत. त्यांत रोजची दहा मिनिटे आपल्या घरातल्या मुलांसाठी वेगळी काढली, तर ती देणगी शाळेच्या अमृतमहोत्सवापर्यंत पुरेल. त्या सोहळ्याला आज एका पायावर उभी राहून हसणारी मुले मोठी होऊन येवोत आणि शाळेबद्दल दोन शब्द मराठीतून बोलोत, ही सदिच्छा.